फोंडा तालुक्यातील एका मेलोट्रॉनमधील फेरबदल: एक प्रकरण अभ्यास

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका घरातून दुरुस्तीसाठी आलेल्या मेलोट्रॉन एम ४०० या, टेपवरचे सूर हार्मोनियमसारख्या पट्ट्यांनी वाजवणाऱ्या वाद्यात कारखान्याने न बसवलेल्या इतक्या गोष्टी आढळल्या, की स्क्रूड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी त्या सर्वांची छायाचित्रांसह नोंद करणे भाग पडले. वाद्य मालकीणबाईंच्या मामांनी इंग्लंडमधील वास्तव्य संपवून परत येताना घरसामानासोबत आणले होते. त्यांच्या पश्चात ते बरीच वर्षे गावातील नाट्यमंडळाकडे होते आणि तेथून पुन्हा माडीवर येऊन पडले. आता मालकीणबाईंच्या मुलाला ते वाजवायचे होते, व त्याची मागणी एका वाक्याची होती: सगळे जुगाड काढून टाका आणि मूळचे आहे तसे करून द्या. ही मागणी जशीच्या तशी पूर्ण का केली नाही, याचे हे टिपण आहे.

मेलोट्रॉनची रचना ठाऊक असल्याशिवाय या फेरबदलांचा अर्थ लागत नाही, म्हणून ती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत हॅरी चेंबरलिन यांनी टेपवर ध्वनिमुद्रित केलेले सूर पट्ट्यांनी वाजवण्याचे वाद्य प्रथम तयार केले. त्यांचे विक्रेते बिल फ्रॅन्सन १९६२ मध्ये त्यातील दोन वाद्ये घेऊन इंग्लंडला गेले, आणि एकसारखी सत्तर टेप हेड, म्हणजे टेपवरचा ध्वनी वाचणारे भाग, बनवून देणारा कारखाना शोधत बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंपर्यंत पोहोचले. त्यातून १९६३ मध्ये मेलोट्रॉनचे पहिले रूप आले. एम ४०० हे १९७० चे, तुलनेने सुटसुटीत रूप असले तरी त्याचे वजन सुमारे पंचावन्न किलो भरते. त्याला ३५ पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीसाठी टेपचा स्वतंत्र तुकडा व स्वतंत्र हेड आहे. पट्टी दाबली की तिच्या खालची फेल्टची गादी टेपला हेडवर टेकवते आणि रबराचा पिंच रोलर तीच टेप मोटरने अखंड फिरणाऱ्या दांड्यावर, म्हणजे कॅपस्टनवर, दाबतो. टेप ओढली जाते, सूर उमटतो, आणि पट्टी सोडताच स्प्रिंग टेपला पुन्हा सुरुवातीला खेचून आणते. टेप सुमारे आठ सेकंदांत संपते. ती तीन अष्टमांश इंच, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर रुंद असून तिच्यावर शेजारी शेजारी तीन ट्रॅक असतात. दर्शनी बाजूच्या निवडक खटक्याने सगळी हेड एकदम बाजूला सरकतात व व्हायोलिनऐवजी बासरी किंवा चेलो ऐकू येतो. टेपा, त्यांच्या स्प्रिंगा आणि कप्प्या एका चौकटीत बसवलेल्या असतात आणि ती चौकट वाद्यातून उचलून बाहेर काढता येते. या शेवटच्या गोष्टीला पुढे फार महत्त्व येणार आहे.

अशा वाद्यात फेरबदल होणे नवलाचे नाही. मूडी ब्लूज या वाद्यवृंदाचे माइक पिंडर स्वतः मेलोट्रॉनच्या कारखान्यात काम केलेले गृहस्थ होते. त्यांनी आपल्या मार्क २ मधील, म्हणजे मेलोट्रॉनच्या जुन्या, मोठ्या रूपातील, डाव्या बाजूच्या तयार तालांच्या टेपा काढून तेथेही सुरांच्या टेपा बसवल्या, आणि तो बदल आज त्या वाद्याच्या इतिहासाचा भाग मानला जातो. बीबीसीने तर मार्क २ चे असे रूप वापरले, की त्यात संगीत जवळजवळ नव्हतेच. सत्तर पट्ट्या आणि प्रत्येकीमागे अठरा ध्वनी या हिशेबाने त्यात १,२६० ध्वनिप्रभाव मावत. म्हणजे दार वाजणे, मोटार सुरू होणे, गर्दीचा गलका. हा संदर्भ आमच्यापुढच्या वाद्याचा उलगडा होताना अचानक उपयोगी पडला.

पेटी उघडल्यावर सर्वप्रथम लक्षात आले ते असे, की मूळ रुंद टेप एकाही पट्टीला शिल्लक नव्हती. सर्व ३५ जागी साध्या स्पूल रेकॉर्डरची पाव इंची टेप कापून बसवलेली होती. तीन अष्टमांश इंची टेप इकडच्या बाजारात मिळण्यासारखी नव्हती आणि पाव इंची मात्र स्पूल रेकॉर्डर असलेल्या प्रत्येकाकडे होती, हे कारण उघड आहे. खरी गंमत त्यापुढे आहे. पाव इंची टेप ६.३ मिलिमीटर रुंद असते, आणि ती साडेनऊ मिलिमीटरच्या खाचेत घातली तर डावी उजवी भटकते व हेडसमोरून सरळ जात नाही. म्हणून चौकटीवरच्या प्रत्येक मार्गदर्शक खाचेत, एका कडेला, हायलमच्या (कडक लॅमिनेटच्या) पत्र्याची सुमारे तीन मिलिमीटरची पट्टी घासून, मापात बसवून, डिंकाने चिकटवलेली होती. अशा ३५ जागा, आणि प्रत्येक जागी वर एक आणि खाली एक. हे काम करणाऱ्याच्या हातात कानस होती आणि घाई नव्हती, एवढे निश्चित.

या एका बदलाने पुढचे दोन बदल ओढून आणले होते. अरुंद टेपेवर तीनऐवजी दोनच ट्रॅक मावतात. एम ४०० च्या आधीच्या एम ३०० मध्ये कारखान्यानेच पाव इंची टेपेवर दोन ट्रॅकची रचना केली होती, तेव्हा कल्पना अगदीच अडाणीपणाची नव्हे. परंतु निवडक खटका तिसऱ्या स्थानी नेला तर हेड टेपेच्या कडेबाहेर जाते आणि गादीच्या दाबाने टेपेची कड हेडवर घासून चिरते. हे टाळण्यासाठी खटक्याच्या वाटेत एक पितळी स्क्रू आडवा ठोकून तिसरे स्थान बंद केले होते. आमच्याकडे येण्यापूर्वी हे वाद्य ज्याने पाहिले त्याने ‘खटका अडकला आहे, साफ करावा’ अशी चिठ्ठी पेटीत लिहून ठेवली होती, आणि टेपांकडे न पाहता केवळ खटक्याकडे पाहणाऱ्याला दुसरे काय वाटणार? दुसरा बदल स्प्रिंगांचा होता. जवळपास सर्व परतीच्या स्प्रिंगा बदललेल्या होत्या व त्या मूळच्यांपेक्षा मऊ होत्या. रुंद टेपेसाठी बनवलेली स्प्रिंग अरुंद आणि पातळ टेपेला ताणून लांब करते, आणि ताणलेल्या टेपेवरचा ध्वनी डगमगतो. मऊ स्प्रिंग हा त्यावरचा उपाय होता. वरवर पाहणाऱ्याला मात्र तो ‘स्प्रिंगा थकल्या’ असा दिसला असता.

यांव्यतिरिक्त आणखी काही गोष्टी होत्या. पट्ट्यांवर ऑइलपेंटचे लाल, निळे आणि पिवळे ठिपके होते. पट्ट्यांच्या मागच्या बाजूला एक सागवानी सरकती पट्टी आणि तिच्यात लाकडी पाचरी होत्या. पाचर पुढे ढकलली की हवी ती पट्टी दाबलेलीच राहत असे. स्वराची उंची कमीजास्त करणाऱ्या बटणाचा मूळ पोटेन्शिओमीटर काढून त्या जागी फार मोठ्या पल्ल्याचा बसवला होता, त्यामुळे मोटरचा वेग जवळजवळ निम्म्यावर आणता येई. फेल्टच्या गाद्यांच्या जागी हार्मोनियमच्या भात्याला लावतात तसले पांढरे कातडे होते. पिंच रोलरवर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे चढवले होते. बाहेर जाणाऱ्या जोडणीत दोन रेझिस्टर घालून आवाजाची पातळी इतकी खाली आणली होती, की ती सार्वजनिक सभेच्या अॅम्प्लिफायरच्या माइक इनपुटला थेट जोडता यावी. आणि पेटीच्या तळाशी एक बल्बचा होल्डर होता, ज्याची तार वाद्याच्या स्विचच्या अलीकडून घेतलेली होती. वाद्य बंद असले तरी तो बल्ब चालू राहावा अशी ती योजना होती.

एकेका बदलाकडे वेगळे पाहिले तर प्रत्येक ठिकाणी कोणीतरी वाद्य बिघडवल्याचा निष्कर्ष काढता येतो. सूर लावणे अशक्य करणारे बटण, सूर अडकवून ठेवणाऱ्या पाचरी, पातळी पाडून टाकणारे रेझिस्टर, हे कोणत्याही वादकाला नको असलेलेच बदल आहेत. परंतु हे करणारा माणूस निष्काळजी नव्हता, हे हायलमच्या पट्ट्यांवरून दिसत होते. तेव्हा तो वादक नसावा, असे मानून पाहणे योग्य ठरले. टेपा ऐकल्यावर हे अनुमान पक्के झाले.

ऐकण्याचे काम मात्र सोपे नव्हते. जुन्या काही टेपांतील चुंबकीय थर धरून ठेवणारा बंधक हवेतील ओलावा शोषून चिकट होतो आणि टेप वाजवली की थरच हेडवर निघून येतो. त्यामुळे वाद्यावर एकही पट्टी न दाबता, टेपा चौकटीतून क्रमाने काढून वेगळ्या रेकॉर्डरवर एकेक करून वाजवल्या आणि संगणकावर उतरवून घेतल्या. चिकट निघालेल्या थोड्या टेपांना आधी पन्नास अंशांच्या आसपास नियंत्रित उष्णता द्यावी लागली. हा उपाय तात्पुरता असतो, पण उतरवून घेण्यापुरता वेळ मिळतो. मेलोट्रॉनच्या बाबतीत एक सोय आहे, ती अशी की टेप गुंडाळून ठेवलेली नसल्याने एका वेटोळ्याचा ध्वनी शेजारच्या वेटोळ्यावर उमटण्याचा दोष तिच्यात येत नाही.

टेपांवर सूर नव्हते. घोड्यांच्या टापा, शंख, तुतारी, तोफ, विजेचा कडकडाट, पाऊस, रेल्वेची शिटी, देवळातील घंटा आणि दारावरची थाप होती. गोव्यातील देवस्थानांच्या जत्रा-उत्सवांत गावातल्याच हौशी मंडळींनी मराठी नाटके करण्याची परंपरा जुनी आहे, आणि पौराणिक, ऐतिहासिक व सामाजिक अशा तिन्ही प्रकारच्या नाटकांना जे ध्वनी लागतात ते सगळे या पेटीत होते. नाट्यमंडळात पूर्वी ध्वनीची बाजू सांभाळणारे व हे फेरबदल करणारे, गावात ज्यांना सगळे भाई म्हणतात, ते गृहस्थ आता वयोवृद्ध आहेत. त्यांना रंगीत ठिपक्यांबद्दल विचारले तेव्हा त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितले, “लाल लढाईचे, निळे पावसापाण्याचे, पिवळे घरातले. विंगेत अंधार असायचा, मग टॉर्चच्या उजेडात रंगच दिसतो.” इंग्लंडमधील नभोवाणीने जे कारखान्याकडून करवून घेतले होते तेच येथे कानस, हायलम आणि स्पूल रेकॉर्डरच्या साहाय्याने घरच्या घरी झाले होते, आणि भाईंनी बीबीसीच्या त्या यंत्राबद्दल कधी ऐकलेले नव्हते.

हे समजल्यावर उरलेल्या खुणा आपोआप जुळल्या. पावसाचा ध्वनी शेजारच्या दोन पट्ट्यांवर एकच मुद्रित केला होता, कारण आठ सेकंदांत पाऊस थांबला तर प्रसंग कोसळतो. एक पट्टी संपत आली की दुसरी दाबायची आणि पहिलीची टेप तोवर परत जाते. पाचरी मात्र त्यांनी सुरुवातीला याच कामासाठी केल्या होत्या आणि मग सोडून दिल्या. टेप संपल्यावरही पट्टी दाबलेली राहिली तर तिचे शेवटचे टोक ताणलेल्या अवस्थेत फिरत्या कॅपस्टनवर एकाच जागी घासत राहते. तशी झिजलेली टोके आम्हाला चार टेपांवर मिळाली, व चारही पावसाच्या आणि वाऱ्याच्या होत्या. मोठ्या पल्ल्याचे बटण विजेच्या कडकडाटासाठी होते. वेग निम्म्यावर आणला की साधा कडकडाट खोल गडगडाट होतो. वेग इतका खाली आणल्यावर मोटरची ओढ कमी पडते आणि तीन-चार पट्ट्या एकदम दाबल्या तर ती मंदावते. एम ४०० च्या जुन्या सीएमसी १० या वेगनियंत्रक कार्डाची तशीही हीच ख्याती आहे. पण ध्वनिप्रभाव एका वेळी एक किंवा दोनच वाजतात, तेव्हा भाईंना ही अडचण कधी जाणवलीच नाही.

आता निर्णयाचा भाग. बदल कशासाठी केला हे कळले म्हणजे तो ठेवलाच पाहिजे असे ठरत नाही; कातडी गाद्या हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. हार्मोनियमच्या कामात ते कातडे हवा रोखते व तेथे ते योग्यच असते. येथे ते पावसाळ्यात ओलावून आणि उन्हाळ्यात वाळून कडक झाले होते, टेपेवर समान दाब देत नव्हते आणि चुंबकीय थर खरवडत होते. फेल्ट मिळाले नाही म्हणून केलेली ती तडजोड होती, आणि फेल्ट आता मिळते. व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडेही काढले. वेग कॅपस्टन ठरवतो, त्यामुळे रोलर जाड झाल्याने सूर बदलत नाही हे खरे, पण ट्यूबची जाडी सर्वत्र सारखी नसल्याने रोलरच्या प्रत्येक फेऱ्यात ध्वनी किंचित डगमगत होता, आणि पट्टी अर्धी दाबताच टेप धावू लागत होती. नव्या रबराचे रोलर बसवून प्रत्येक पट्टीचे गादीचे आणि रोलरचे असे दोन्ही स्क्रू नव्याने जुळवले. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही.

टेपा, हायलमच्या पट्ट्या आणि मऊ स्प्रिंगा यांच्याबाबत मालकीणबाईंचा मुलगा व नाट्यमंडळ यांचे म्हणणे परस्परविरुद्ध होते. मुलाला व्हायोलिन आणि बासरी हवी होती. त्या मूळ टेपा बिस्किटाच्या डब्यात वेटोळी करून ठेवलेल्या सापडल्या, पण बुरशीने व घड्यांनी त्या कामातून गेल्या होत्या. नाट्यमंडळाला आपले ध्वनी त्याच यंत्रावर वाजते हवे होते. येथे एम ४०० ची काढता येणारी चौकट कामी आली. भाईंनी केलेले हे तिन्ही बदल योगायोगाने चौकटीवरच होते, पेटीत नव्हते. म्हणून ती चौकट जशी होती तशी ठेवली, तिच्यातील चिकट व झिजलेल्या टेपांच्या जागी तेच ध्वनी नव्या पाव इंची टेपेवर उतरवून बसवले, आणि रुंद टेपांची, मूळ ताकदीच्या स्प्रिंगांची दुसरी चौकट इंग्लंडहून मागवली. एका चौकटीतून दुसरीत जाण्यास दोन माणसे आणि थोडा संयम लागतो. पूर्वीच्या दौऱ्यांतील वादकही वेगळे आवाज हवे असले की हेच करीत.

बटणाच्या बाबतीत मूळ मापाचा पोटेन्शिओमीटर परत बसवला, आणि भाईंचा मोठ्या पल्ल्याचा मागच्या पटलावर एका स्विचने जोडला. बाहेरच्या जोडणीतील रेझिस्टर काढले. ती पातळी आजच्या मिक्सरवर कोठेही कमी करता येते. पाचरींची सागवानी पट्टी काढून वेगळी बांधून दिली. ती ठेवावी असा आग्रह मुलाचाच होता, कारण एखादा सूर धरून ठेवण्याची कल्पना त्याला आवडली होती. परंतु घासलेली टोके दाखवल्यावर तो आग्रह मावळला.

तळाच्या बल्बबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण सर्व फेरबदलांत तोच सर्वांत हास्यास्पद दिसत होता आणि वाद्य इतकी वर्षे टिकले ते मुख्यतः त्याच्यामुळे. जून ते सप्टेंबर या काळात येथील हवेतील आर्द्रता बहुधा ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला त्याहून कमीही पुरते. पंधरा वॉटचा साधा बल्ब बंद पेटीत अखंड जळत राहिला की आतील हवा बाहेरच्यापेक्षा काही अंश उबदार राहते, तिची सापेक्ष आर्द्रता उतरते व लोखंड, फेल्ट आणि टेप तिन्ही सुरक्षित राहतात. कॅमेऱ्याच्या किंवा पुस्तकांच्या कपाटात बल्ब लावणारी घरे किनारपट्टीवर अजूनही आहेत. पण आमच्याकडे आलेल्या वाद्यातील गंज आणि बुरशी तुलनेने ताजी होती, आणि त्याचे कारण होल्डरमध्येच बसलेले होते. वाद्य माडीवर आल्यानंतर केव्हातरी जुना बल्ब गेला व घरातील कोणीतरी वीज वाचावी म्हणून त्या जागी एलईडी बल्ब लावला. तो प्रकाश उत्तम देत होता. ऊब जवळजवळ काहीच देत नव्हता. ज्याने तो बदलला त्याला तो बल्ब पेटीत उजेड पडावा म्हणून आहे असे वाटले, आणि ते वाटणे स्वाभाविक होते, कारण तेथे तसे काही लिहिलेले नव्हते.

बल्ब ठेवणे शक्य नव्हते. उघड्या टर्मिनलांपासून टेपा चार बोटांवर लोंबत होत्या आणि होल्डरला फ्यूजही नव्हता. त्याच्या जागी तळाशी कमी वॉटचा, धातूच्या आवरणातील रेझिस्टर हीटर बसवला, त्याला उष्णता मर्यादेबाहेर गेल्यास जोडणी तोडणारा थर्मल कटआउट, स्वतंत्र फ्यूज आणि अर्थिंग दिले. त्याची तार भाईंप्रमाणेच मुख्य स्विचच्या अलीकडून घेतली. झाकणाच्या आतल्या बाजूला छोटा आर्द्रतामापक लावला. शिवाय पेटीत राहिलेल्या प्रत्येक फेरबदलाशेजारी तो कशासाठी आहे आणि काढल्यास काय होईल हे मराठीत लिहिलेली चिठ्ठी लॅमिनेट करून चिकटवली. हीटरजवळच्या चिठ्ठीत ‘उजेडासाठी नाही, पावसाळ्यात बंद करू नये’ असे आहे.

निवडक खटक्यातील पितळी स्क्रू शेवटी राहिला. रुंद टेपांच्या चौकटीला तिसरे स्थान हवे असते, भाईंच्या चौकटीला ते बंद हवे असते. म्हणून ठोकलेला स्क्रू काढून त्याच भोकात आटे पाडले आणि बोटांनी फिरवता येईल असा डोक्याचा स्क्रू केला. तो आता भाईंच्या चौकटीलाच साखळीने बांधलेला असतो, आणि ती चौकट पेटीत उतरवण्यापूर्वी तो खटक्याच्या वाटेत पूर्ण फिरवावा लागतो.